तीन पाटे आणि लिओनार्डचं मेज

सपाट म्हणजे काय, हे त्या वेळच्या ठाण्यात दोघांनाच कळत होतं. एक, भरती संपून ओहोटी लागायच्या आधी घटकाभर थांबलेलं खाडीचं पाणी. आणि दुसरी मी!

ही बढाई नाही. म्हणजे बढाईच आहे, पण खरी आहे. आज माझं वय चौऱ्याहत्तर. दात गेले, एक कान गेला, पण बाकावर बसले की बाकाचा कुठला पाय तांदळाच्या दाण्याएवढा आखूड आहे, ते मी अजून सांगते. घरातल्यांना ते आवडत नाही. पाहुण्यांना तर मुळीच नाही.

गोष्ट अठराशे अठ्ठ्याऐंशी सालची. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. माझा नवरा लिओनार्ड देवळाचा सुतार. आम्ही ख्रिस्ती लोक आमच्या प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतो. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आत्ताच गोंधळू नये, पुढे गोंधळायला भरपूर जागा आहे! लिओनार्डचा बाप देवळाचा सुतार, आजा देवळाचा सुतार, पणजाने म्हणे तिथल्या घंटेचा दांडा बसवलेला. देवळाचं काम म्हणजे आमच्या घराचं आडनावच. ते गेलं तर आपण कोण, असा प्रश्न माझ्या सासूबाई, सबीनाबाई, रोज जेवताना विचारायच्या. उत्तर कुणी देत नसे. तोंडात घास असायचा.

त्या साली पाद्रीबाबांनी देवळासाठी कपाट सांगितलं. मिस्साचे, म्हणजे देवळातल्या उपासनेचे, पोशाख घडी न मोडता ठेवायचे, म्हणून बारा रुंद, उथळ खण. देवळाच्या सणाला मुंबईहून बिशप येणार होते, आणि त्यांचा झगा त्याच कपाटातून निघणार होता.

या कामासाठी लिओनार्डने एक मेज केलं. साधंसुधं नव्हे! सागाची चार फूट लांब फळी, मधोमध चीर, आणि खालून रंधा उलटा बसवलेला, असा की पात्याचं टोक तेवढं चिरेतून वर डोकावेल. एरवी सुतार लाकूड मांडतो आणि वरून रंधा ढकलतो. इथे रंधा जागच्या जागी, आणि लाकूड त्याच्यावरून ढकलायचं. ढकललं की लाकडाच्या पोटाला खाच! अशा खाचेच्या पट्ट्यांवरच खण सरकणार होते. बघायला माणसं यायची. आठवडाभरात लिओनार्ड असा चालायला लागला, जणू ठाण्याला आगगाडी त्यानेच आणली!

अडचण एकच होती. पाच खण करून झाले, तरी खाच एकसारखी येत नव्हती. कुठे खोल, कुठे उथळ.

"अहो, मेजाला मध्ये खड्डा आहे," मी म्हटलं.

"कुठे? हात फिरव. लागतो का हाताला?"

"हाताला नाही लागत. खणाला लागतो."

"लाकूड ओलं आहे, क्लेमेंटिना."

"पाचही खणांचं?"

"पाचही खणांचं!"

मग पाद्रीबाबा काम बघायला आले. चांगले भारदस्त गृहस्थ, पायरी चढले की पायरीला कळायचं. पहिला खण त्यांनी ओढला, निघाला. दुसरा कुरकुरला. तिसऱ्याने सासरी निघालेल्या पोरीसारखे आढेवेढे घेतले. पाचवा हलेचना! पाद्रीबाबांनी दोन्ही हातांनी धरला. मग कपाटाला एक पाय लावला. मग येशूला हाक मारली, "जेजू!" आणि खण निघाला. असा निघाला की पुढच्या क्षणी पाद्रीबाबा जमिनीवर, आणि खण त्यांच्या मांडीवर, बारशाच्या बाळासारखा!

"लिओनार्ड," ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, "बिशपसाहेब असे बसले, तर तू कुठे बसशील?"

लिओनार्डने त्यांच्या मांडीवरचा खण उचलून घेतला.

"दोन शनिवार देतो तुला. दुसऱ्या शनिवारी मी कल्याणच्या जेराल्डला घेऊन येईन. खण नीट सरकले तर देवळाचं काम तुझं. नाही सरकले तर जेराल्डचं. आणि हे या कपाटापुरतं नाही बोलत मी."

सासूबाईंनी आतून हंबरडा फोडला. मी पाद्रीबाबांना उठवायला हात दिला, पण माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं होतं: पाहते कोण आमचं काम नेतो ते!

कल्याणचा जेराल्ड रेल्वेच्या कारखान्यात काम केलेला. पायात बूट, अंगात जाकीट, आणि मखमलीत गुंडाळलेली एक लोखंडी पट्टी. दोन दिवसांनी तो आपणहून मेज बघायला आला. पट्टी त्याने अशी उलगडली, जशी सासूबाई संताची हाडं असलेली डबी उघडतात. मग ती मेजावर उभी धरली, वाकला, एक डोळा मिटला.

"मध्ये उजेड दिसतोय! एवढ्यातून माझी शेळी जाईल."

"बरीच हडकुळी दिसते शेळी," मी म्हटलं.

"मेज किती सपाट लागतं, ठाऊक आहे का वहिनी? पट्टीखालून उजेड दिसता कामा नये. लंडनचा साहेब सांगून गेलाय."

"मग पट्टी चार दिवस द्या. आम्ही मेज सरळ करतो."

"बायको मागा, देईन. पट्टी नाही देणार."

"बायकोला विचारलंय का? ती पट्टीच्या आधी निघेल!"

जेराल्ड पट्टी गुंडाळून गेला. लिओनार्ड मेजावर डोकं टेकून बसला. खड्डा आहे, हे आता त्यालाही पटलं होतं. पण मेज तासायचं कशाच्या आधाराने? दोरी ताणली तर दोरी झोळ खाते. दुसरी फळी लावावी तर तीही त्याच्याच हातची. अंधारात काळा धागा शोधण्यातली गत! वाकडं ओळखायला आधी एक सरळ वस्तू लागते, आणि ती आख्ख्या ठाण्यात नव्हती.

"मी करते," मी म्हटलं.

"काय करतेस?"

"सरळ वस्तू."

माझ्या माहेरी शेजारी पाथरवट राहायचा. त्याच्या ओट्यावर बसून मी लहानपणी जे शिकले, ते कुठल्या लंडनच्या साहेबाने सांगितलं नव्हतं. दोन दगड एकमेकांवर घासले तर ते सरळ होतीलच असं नाही. एकाला खळगा पडतो, दुसऱ्याला पोट सुटतं, आणि दोघं एकमेकांत गुण्यागोविंदाने बसतात. अगदी घरातल्या दोन जावांसारखं! एक दबते, दुसरी फुगते, आणि बाहेरच्याला वाटतं काय छान जमतं! पण तीन दगड घ्या. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर, असे आळीपाळीने घासा. आता कोण कुणापुढे दबणार आणि कोण कुणावर फुगणार? तिसरी जाऊ दोघींची खोड मोडते. शेवटी तिघींना सरळ व्हावंच लागतं.

तीन सारखे दगड घरात कुठले? मसाल्याचे पाटे! एक माझा माहेरचा. दुसरा सासूबाईंचा.

"माझ्या पाट्यावर सुतारकी?" सासूबाई कडाडल्या.

"आई, देवळाचं काम गेलं तर पाट्यावर वाटणार काय?"

तिसरा पाटा शेजारच्या रखमाबाईचा. भाजीची वाडी करायची, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, जिभेने पंधरा. तिने पाटा स्वतः डोक्यावर आणून आपटला. "घे बाय. पण मला शिमग्याच्या आत परत पाहिजे. आमच्या घरात सपक खाऊन भांडणं होतात."

घराबाहेर वाटेच्या कडेला भेंडीचं मोठं झाड होतं. त्याच्या सावलीत मी बसले. खाडीची रेती, पाणी, आणि घासणं! पाच दिवस. पाटेवाल्याने टाकी मारून जी खरखर काढली होती, ती सगळी गेली. पाटे पोरीच्या गालासारखे गुळगुळीत झाले. मसाला त्यांच्यावर वाटायला गेलं तर नुसता घसरला असता. हे सासूबाईंना सांगितलं नाही. प्रत्येक गोष्टीची वेळ असते.

आता शेवटचं काम राहिलं. कुठे अजून उंचवटा आहे, ते कळायला एका दगडावर रंगाचा पातळ हात द्यायचा आणि दुसरा त्यावर टेकवायचा. उंच असेल तिथेच रंग लागतो. मी आधी काजळ लावलं. काळ्या दगडावर काळं काजळ! रखमाबाई पोट धरून हसली.

"शेंदूर लाव गो! मारुतीसाठी आणलेला उरलाय माझ्याकडे."

शेंदूर आणि खोबरेल! काय सुरेख उमटलं! दगडांवर ठिपके उठले, ते मी घासले, पुन्हा टेकवले. ठिपके वाढत गेले आणि शुक्रवारी दुपारी, जेराल्ड यायला आठ दिवस असताना, तिन्ही पाट्यांवर इथून तिथवर एकसारखा शेंदूर उमटला. तिन्ही सरळ! मी आनंदाने हाक मारली, पण लिओनार्ड वखारीत गेला होता. इतक्यात घरातून भात करपल्याचा वास आला. कोंबड्यांनी वरून चालू नये म्हणून मी तिन्ही पाटे झाडाच्या बुंध्याला ओळीने उभे टेकवले आणि आत धावले.

ही माझी चूक. एवढी एकच! बाकी सगळं लोकांनी केलं.

सहदेव मिठागरातून मिठाची गाडी घेऊन त्या वाटेने जायचा. त्याचे बैल रोज त्या भेंडीखाली थांबत, कारण सावली तिथेच होती. त्या दिवशीही थांबले. सहदेवाने खाली बघितलं. झाडाच्या पायथ्याशी तीन दगड, ताज्या शेंदराने न्हालेले! काल तिथे काहीही नव्हतं. आणि बैल थांबलेले!

मी करपलेला भात उपसून बाहेर आले तोवर तिथे जास्वंदीची फुलं होती. दिवस मावळायच्या आत दोन नारळ फुटले. शनिवारी सकाळी सहदेवाने चिखलाचा चौथरा घालून तिन्ही पाटे बुडाशी पक्के बसवून टाकले होते, आणि वाटेवर ही रांग!

"तिघी बहिणी आल्या गो!" सहदेव डोळे पुसत होता. "आमच्या बैलांनी वळखल्या!"

"सहदेवदादा, त्या बहिणी नाहीत. ते पाटे आहेत. मधला माझा आहे."

"असं बोलू नये बाय."

"अहो, त्याच्यावर मी गेल्या आठवड्यापर्यंत बोंबलाचं वाटण वाटलंय!"

रांगेतल्या बायांनी कानांवर हात ठेवले.

मी रखमाबाईकडे धावले. साक्षीदार होती ना! तिला हाताला धरून आणलं. "सांग यांना! डावीकडचा पाटा कुणाचा?"

रखमाबाईने पाट्याकडे बघितलं. रांगेकडे बघितलं. मग पदर डोक्यावर घेतला आणि नमस्कार केला!

"रखमाबाई!"

"ओरडू नको. पाटा माझाच आहे, मला काय ठाऊक नाही? पण त्याच्यासमोर नारळ फुटला ना? आता तो पाटा राहिला का?"

"मग तू मसाला कशावर वाटणार?"

"तुझ्या सासूच्या पाट्यावर."

"तोही देव झालाय! उजवीकडचा!"

रखमाबाईने जरा विचार केला. "मग आता सगळ्यांनीच सपक खायचं," ती म्हणाली आणि पुन्हा नमस्कार केला. उजवीकडच्यालाही.

मी पाटा उचलायला वाकले तर चाळीस माणसं एकदम "हां!" म्हणाली. लिओनार्ड घाबरून गेला. "क्लेमेंटिना, सोड. कपाट जाऊ दे. मी होड्या बांधेन."

"होड्या माझा बाप बांधायचा, आणि बुडायच्या! तुम्ही देवळाचे सुतार आहात आणि राहणार!"

मी पदर खोचला. पाटे हलणार नव्हते. पण मेज हलत होतं! त्याची वरची फळी चार खुंट्या काढल्या की सुटत होती. फळी झाडाशी न्यायची, उभ्या पाट्याला टेकवायची, लाल उमटेल तिथे तासायचं. झालं!

पण इथेही एक गोम होती. लोकांनी शेंदूर बोटबोट जाड थापला होता. जाड रंगात उंच काय आणि खोल काय, सगळंच लाल. मला पाटे पुसून, हलका, कांद्याच्या पापुद्र्यासारखा हात हवा होता. मी सहदेवाकडे गेले.

"सहदेवदादा, रोज सकाळी बहिणींना आंघोळ कोण घालणार? शेंदूर कोण लावणार?"

"मीच."

"तीन बहिणींना गडीमाणूस आंघोळ घालणार?"

सहदेव गडीमाणूस असला तरी लाजाळू होता. कानापर्यंत तांबडा झाला. मान खाली घालून म्हणाला, "मग बाय, तूच घाल."

अशा रीतीने मी, क्लेमेंटिना, पाच पिढ्यांची ख्रिस्ती, तीन देवींची सेवेकरीण झाले! सोमवारी सकाळी मी पाटे स्वच्छ पुसले आणि शेंदराचा पातळ हात दिला.

"एवढा पातळ?" सहदेव कुरकुरला.

"देवींना जाड आवडत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी पुढे पाद्रीबाबांना कबुलीजबाबात सांगितलं. त्यांनी ते मला दोनदा म्हणायला लावलं.

मग लिओनार्डने फळी आणली. चार फूट सागाची फळी उभी धरायची आणि पाट्यावर दाबायची, तर तिला मिठीच मारावी लागते. लिओनार्ड गुडघ्यांवर बसला, फळीला कवटाळलं, कपाळ टेकलं आणि हळूच वर-खाली सरकला. रांगेतल्या बाया पुढे सरकल्या. मग एक म्हातारी हुंदका देत म्हणाली, "किरिस्तावाची भक्ती बघा! नाहीतर आमची पोरं!"

लिओनार्डने फळी उलटी केली. दोन्ही टोकांना लाल, आणि मधे पात्याच्या चिरेपाशी कोरडं! हातभर लांब खड्डा, मी म्हटलं होतं तसा!

"बघितलंत?" मी म्हटलं.

"बघितलं," तो हळूच म्हणाला. तीन वर्षांच्या संसारात एवढा गोड शब्द मी ऐकला नव्हता.

तो टोकं तासायचा, फुटक्या काचेच्या तुकड्याने खरवडायचा, पुन्हा मिठी, पुन्हा लाल. दिवसाला दहा खेपा. बुधवारपासून इतर लोकही आपापल्या वस्तू घेऊन यायला लागले! नांगराचा फाळ, पोळपाट, पाळण्याचे पाय, एकाने तर पाठीत वाकलेला सासरा आणला. सगळ्यांना बहिणींना टेकवून घ्यायचं होतं. मला एका पोळपाटाची खोड दिसली, मी सांगितली, त्या बाईने जागेवर माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतला. लगेच घेतला. जवळजवळ लगेच.

शुक्रवारी फळीवर इथून तिथवर लाल उमटलं. उद्या शनिवार! म्हटलं सकाळी एकदा शेवटचं टेकवून बघू आणि फळी मेजावर चढवू. पाद्रीबाबा जेवणानंतर येतील.

पाद्रीबाबा न्याहारीनंतरच आले! बरोबर कल्याणहून सकाळच्या गाडीने उतरलेला जेराल्ड. आणि त्यांना काय दिसलं, तर वाटेवर उदबत्त्यांचा धूर, साठ-सत्तर माणसं, मध्ये तीन शेंदरी दगड, त्यांच्यापुढे गुडघे टेकून डोळे मिटलेला देवळाचा सुतार, आणि शेजारी त्याची बायको, कोपरापर्यंत शेंदूर, हातात खोबऱ्याचा तुकडा! खोबरं सहदेवाने दिलं होतं. मला भूक लागली होती.

"लिओनार्ड!!"

लिओनार्ड असा उडाला की फळीच अंगावर घेऊन पडला.

"पाद्रीबाबा, हे पाटे आहेत!" मी पुढे झाले.

"पाटे? मग नारळ कशाला?"

"नारळ यांचे. पाटे आमचे."

"पाटे कोण म्हणतं?" सहदेव मागून गरजला. "रोज आंघोळ घालतेस आणि पाटे म्हणतेस?"

"रोज आंघोळ घालते?" पाद्रीबाबांचा आवाज फाटला.

एका बाजूला पाद्रीबाबा, दुसऱ्या बाजूला सहदेव, आणि मधे मी! माफी मागावी तर दोघांची वेगवेगळ्या गुन्ह्यांसाठी मागावी लागली असती. म्हणून मी कुणाचीच मागितली नाही. पदर पुन्हा खोचला.

"पाद्रीबाबा, तुम्ही आमचा धर्म तपासायला आलात की मेज? धर्म रविवारी तपासा, मी देवळात आहेच. आज मेज बघा!"

जेराल्ड हसला आणि त्याने मखमल उलगडली. फळी आडवी केली, पट्टी उभी धरली, वाकला, डोळा मिटला.

"उजेड!" तो ओरडला. "पाद्रीबाबा, या! बघा! मध्ये उजेड आहे!"

पाद्रीबाबा वाकले. सरळ झाले. "आहे," ते म्हणाले.

लिओनार्डचा चेहरा पांढरा पडला. घराच्या दारातून सासूबाईंनी "आपण कोण?" असं विचारायला सुरुवात केली. मीही वाकले. उजेड होता खरा. पण शुक्रवारी तिन्ही पाट्यांवर तपासलेली फळी! तीन पाटे खोटे, आणि एक पट्टी खरी? का, तर तिला मखमल आहे म्हणून?

"पट्टी उलटी करा," मी म्हटलं.

"काय?"

"खालची कड वर, वरची कड खाली. आणि परत ठेवा."

"माझी पट्टी रेल्वेची आहे!"

"रेल्वेची आहे तर दोन्ही बाजूंनी चालेल. ठेवा!"

पाद्रीबाबांनी नुसती भुवई उचलली. जेराल्डने पट्टी उलटी करून ठेवली. आणि ती फळीवर पाळण्यासारखी डुलायला लागली! टुक, टुक. आता मध्ये टेकत होती आणि टोकं हवेत!

"फळी तीच," मी म्हटलं. "एका कडेने खड्डा दिसतो आणि दुसऱ्या कडेने उंचवटा? फळीने तेवढ्यात कूस बदलली का? पट्टी धनुष्यासारखी वाकलीय, जेराल्डभाऊ! अजून शंका असेल तर दगडावर टेकवा."

जेराल्ड तावातावाने चौथऱ्याकडे निघाला.

"बूट काढ!" साठ माणसं एकदम.

रेल्वेच्या कारखान्यातला जेराल्ड बूट काढून, मोजे सांभाळत, डावीकडच्या पाट्यापाशी बसला. पट्टी टेकवली. दोन्ही टोकांना लाल, मधे कोरडं. मधल्या पाट्यावर तेच. उजवीकडच्यावर तेच. तीनदा टेकवली तर तीनदा पट्टीच खोटी!

मग आम्ही सुतारकामाच्या छपरात गेलो, अख्खी रांग मागे. लिओनार्डने फळी मेजावर चढवली, खण सरकायच्या आदल्या चुकीच्या पट्ट्या फेकून नव्या पट्ट्यांना खाचा पाडल्या, पाचवा खण बसवला. पाद्रीबाबांनी या वेळी कपाटापासून अंतर राखून करंगळी पुढे केली. खण आवाज न करता, शहाण्या मुलासारखा, बाहेर आला. करंगळीने आत गेला. पुन्हा बाहेर आला. पाद्रीबाबांनी तो नऊ वेळा ओढला. मी मोजत होते.

"लिओनार्ड," ते म्हणाले, "बाकीचे सात सणाच्या आत कर."

बस! एवढंच! पण काम आमचं राहिलं. सासूबाईंनी त्या दिवशी जेवताना प्रश्न विचारला नाही. नुसतं सपक कालवण खाल्लं आणि माझ्याकडे बघितलं.

मी छपराच्या दारात उभी राहिले. म्हटलं, आता तरी लोक म्हणतील, शाबास क्लेमेंटिना! बाहेर एकच जयजयकार चालला होता.

"बघितलं?" सहदेव सगळ्यांना सांगत होता. "रेल्वेचं लोखंडसुद्धा बहिणींपुढे वाकलं!"

"अहो, ते आधीपासून वाकलेलं होतं! मी ओळखलं! मी!"

"बहिणींनीच सुचवलं बाय तुला," सहदेव प्रेमाने म्हणाला आणि त्याने माझ्या हातावर आणखी एक खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

सण झाल्यावरच्या रविवारी पाद्रीबाबांनी दगडधोंड्यांच्या नादी लागणाऱ्यांवर तासभर उपदेश केला. कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त सगळा वेळ माझ्याकडे बघत होते. मी खाली बघितलं नाही. अंगावरचा त्यांचा झगा आमच्याच खणातून निघालेला होता, आणि एकही घडी मोडली नव्हती.

लिओनार्ड मरेपर्यंत देवळाचा सुतार होता, मग माझा मुलगा, आता नातू. आणि आजही कुणी विचारलं की असं मेज किती सपाट असावं, तर मी कुणाच्या बापाला न भिता सांगते: पात्याच्या अलीकडे एक वीत आणि पलीकडे एक वीत, तिथे केसाएवढाही खड्डा चालणार नाही. टोकांकडे कागदाएवढा फरक पडला तर पडू दे, त्याने जग बुडत नाही. हे माझं मत आहे, लंडनच्या साहेबाने येऊन माझ्याशी वाद घालावा!

पाटे मात्र परत मिळाले नाहीत. आता तिथे कौलारू मंदिर आहे, पुढे दीपमाळ आहे. मागच्या महिन्यात नातवाने नवं मेज केलं, आणि म्हणाला सपाट आहे. मी त्याची फळी काढायला लावली आणि भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, तिकडे घेऊन गेले. फक्त तपासायला! पन्नास वर्षांनीही तिन्ही पाटे तसेच सरळ आहेत, आणि फळीला खड्डा निघाला.

जाताना नारळ नेला होता, हे खरं आहे. पण इतक्या वर्षांनी आपल्याच पाट्याला भेटायला जायचं, तर रिकाम्या हाताने कसं जाणार?